ऑस्ट्रेलियाची लॉटरी : बक्षिसाच्या पायऱ्या आणि त्यामागचा हिशोब

(आमच्या सामुदायिक रेडिओवरून झालेली ही चर्चा वाचक मैत्रिणींसाठी छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, म्हणजे मध्ये थांबून बोलता येईल.)



आज आपण लांबच्या देशाची गोष्ट करणार आहोत. ऑस्ट्रेलियात लॉटरी कशी चालते, तिथे बक्षिसाचे पैसे कुठून येतात आणि ते वाटतात कसे, हे समजून घ्यायचं आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला शेताची कामं पडली आहेत, गटाचे हप्ते भरायचे आहेत, ऑस्ट्रेलियाच्या लॉटरीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. तुमच्यापैकी कित्येकींच्या मोबाइलवर कधी ना कधी असा निरोप येतो, की तुमच्या नंबरला ऑस्ट्रेलियन लॉटरी लागली आहे, इतक्या लाखांचं बक्षीस आहे, अमुक माणसाला फोन करा. असा निरोप आला की घरात चर्चा होते. कुणी हसून सोडून देतं, कुणी म्हणतं, लागली असेल खरंच, बघायला काय जातंय!

बघायला गेलं की पैसे जातात. पण नुसतं 'फसू नका' असं सांगून भागत नाही. खरी वस्तू कशी असते हे ठाऊक असलं, की खोटी वस्तू आपोआप ओळखू येते. नोट हातात घेतली की खरी-खोटी कळते, कारण खऱ्या नोटा आपण रोज हाताळतो. म्हणून आज खरी लॉटरी नीट उलगडून पाहू.

राज्यं वेगळी, सोडत एक

ऑस्ट्रेलियात सहा राज्यं आहेत आणि दोन मोठे प्रदेश. लॉटरी आणि जुगाराचे कायदे तिथे प्रत्येक राज्य आपापले करतं. त्यामुळे लॉटरीचा इतिहासही राज्याराज्याचा वेगळा आहे.

जॉर्ज अॅडम्स नावाच्या माणसाने १८८१ साली सिडनीत घोड्यांच्या शर्यतीवर चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. त्याच्या हॉटेलचं नाव टॅटरसॉल्स, म्हणून लॉटरीलाही तेच नाव पडलं. सरकारने अडवलं तेव्हा तो क्वीन्सलँडला गेला, तिथेही अडचण आली तेव्हा टास्मानिया बेटावर गेला. पुढे १९५४ साली हा धंदा मेलबर्नला, म्हणजे व्हिक्टोरिया राज्यात आला. 'टॅट्स' हे नाव तिथे आजही घरोघरी ठाऊक आहे.

क्वीन्सलँडची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, सैनिकांच्या मदतीसाठी तिथे 'गोल्डन कॅस्केट' नावाची लॉटरी सुरू झाली. गोल्डन कॅस्केट म्हणजे सोन्याची पेटी. युद्ध संपल्यावर सरकारने ती चालू ठेवली आणि १९२० च्या दशकात तिच्या पैशातून राज्यभर प्रसूतिगृहं आणि बाळांच्या तपासणीची केंद्रं उभी राहिली. लांबलांबच्या वस्त्यांवरच्या बायकांना बाळंतपणासाठी जागा मिळाली, ती या चिठ्ठ्यांच्या पैशातून.

सिडनीचं ऑपेरा हाउस तुम्ही चित्रात पाहिलं असेल, समुद्राकाठी पांढऱ्या शिडांसारखी छपरं असलेलं. त्याच्यासाठी १९५७ साली खास लॉटरी काढायचं ठरलं. आधी खर्चाचा अंदाज होता सुमारे ७० लाख डॉलरचा. १९७३ साली इमारत पूर्ण झाली तेव्हा आकडा १० कोटी २० लाखांवर गेला होता. त्यातला बहुतेक पैसा लॉटरीने दिला.

आता आजची व्यवस्था. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 'लॉटरीवेस्ट' ही राज्य सरकारची संस्था लॉटरी चालवते आणि तिची शिल्लक दवाखाने, खेळ, कला आणि गावोगावच्या संस्थांना जाते. बाकी राज्यांत 'द लॉटरी कॉर्पोरेशन' ही खाजगी कंपनी राज्यांकडून परवाने घेऊन लॉटरी चालवते. २०२२ साली ती वेगळी कंपनी झाली. दुकानावर पाटी असते ती 'द लॉट' या नावाची. कंपनी राज्य सरकारांना कर भरते.

आता गंमत पाहा. शनिवारी रात्री जी मोठी सोडत होते, तिचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. मेलबर्नमध्ये ती 'टॅट्सलोटो', क्वीन्सलँडमध्ये 'गोल्ड लोटो', साउथ ऑस्ट्रेलियात 'एक्स लोटो', सिडनीकडे नुसतं 'लोटो' आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 'सॅटर्डे लोटो'. नावं पाच, पण यंत्र एकच फिरतं, चेंडू तेच पडतात आणि आकडे सगळीकडे तेच.

असं का केलं? टास्मानियासारख्या बेटावर माणसं थोडी. थोड्या माणसांनी तिकिटं घेतली तर पैसा थोडा जमेल आणि बक्षीसही छोटं राहील. म्हणून राज्यांनी आपापली नावं आणि परवाने तसेच ठेवून तिकिटाचे पैसे बक्षिसासाठी एकत्र करायचं ठरवलं. पाच गावांच्या गटांनी आपापली नावं ठेवून एकच ग्रामसंघ करावा, तसं हे. टास्मानियातल्या तिकिटाला आणि सिडनीतल्या तिकिटाला एकाच पायरीचं बक्षीस लागलं, तर दोघांना सारखीच रक्कम मिळते.

तिकीट कसं काढतात

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारची लॉटरी १९६९ पासून आहे. तिच्या कागदी तिकिटावर क्रमांक आधीच छापलेला असतो. आपण फक्त तिकीट उचलतो. ऑस्ट्रेलियाच्या लोटोत तसं नाही. तिथे वर्तमानपत्रं विकणाऱ्या दुकानात जायचं आणि आपले आकडे आपण निवडायचे. शनिवारच्या खेळात १ ते ४५ पैकी सहा आकडे. या सहा आकड्यांच्या एका ओळीला 'गेम' म्हणतात. एका तिकिटावर अशा अनेक ओळी असू शकतात आणि प्रत्येक ओळीचे पैसे वेगळे. आकडे निवडायचा कंटाळा असेल तर यंत्रच आकडे काढून देतं.

शनिवारी यंत्रातून आधी सहा चेंडू पडतात. हे मुख्य आकडे. मग आणखी दोन पडतात, ते जादा आकडे. या जादा आकड्यांचा उपयोग फक्त मधल्या काही पायऱ्यांना होतो, पहिल्या बक्षिसाला नाही.

पायऱ्या म्हणजे काय

बक्षिसाच्या प्रत्येक पायरीला तिथे 'डिव्हिजन' म्हणतात. शनिवारच्या खेळात सहा डिव्हिजन आहेत. उदाहरण घेऊ. समजा मुख्य आकडे पडले ४, ११, १९, २६, ३३ आणि ४२. जादा आकडे पडले ८ आणि ३०.

एका बाईच्या ओळीत सहाच्या सहा मुख्य आकडे असतील, तर तिला पहिली डिव्हिजन.

पाच मुख्य आकडे आणि सहावा आकडा ८ किंवा ३० असेल, तर दुसरी.

पाच मुख्य आकडे असतील आणि सहावा भलताच असेल, तर तिसरी.

चार मुख्य आकडे असतील, तर चौथी. इथे जादा आकडा असला काय, नसला काय, फरक पडत नाही.

तीन मुख्य आकडे आणि सोबत एखादा जादा आकडा असेल, तर पाचवी.

सहावी पायरी सगळ्यांत खालची. तिची रक्कमही लहान असते.

एका ओळीला एकच बक्षीस मिळतं, जी पायरी सगळ्यांत वरची असेल तीच. पाच आकडे जुळलेल्या ओळीत चार आकडे जुळलेलेच असतात, म्हणून दोन्ही बक्षिसं द्या, असं म्हणता येत नाही.

पायऱ्या अशा का लावल्या, हे मोजून पाहिलं की लगेच कळतं. ४५ आकड्यांतून सहा आकडे निवडायचे तर एकूण ८१,४५,०६० वेगवेगळ्या ओळी होऊ शकतात. त्यातली फक्त १ ओळ पहिल्या पायरीची. दुसऱ्या पायरीच्या ओळी १२. तिसरीच्या २२२. चौथीच्या ११,११५. पाचवीच्या २७,३८०. वर जावं तशा ओळी कमी आणि बक्षीस मोठं. खाली यावं तशा ओळी जास्त आणि बक्षीस लहान. सगळा खेळ या शिडीवर उभा आहे.

८१ लाख म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून ज्वारी घ्या. ज्वारीच्या हजार दाण्यांचं वजन साधारण ३० ग्रॅम भरतं. त्या हिशोबाने ८१ लाख दाणे म्हणजे जवळजवळ अडीच क्विंटल ज्वारी. त्या ढिगातल्या एकाच दाण्याला कुंकू लावायचं, ढीग कालवायचा, तुमचे डोळे बांधायचे आणि एकच दाणा उचलायला सांगायचं. कुंकवाचा दाणा हाताला लागला तर पहिलं बक्षीस. दुसऱ्या हिशोबाने, दर आठवड्याला एक ओळ लावली तर सगळ्या ओळी लावून व्हायला दीड लाखाहून जास्त वर्षं लागतील.

पॉवरबॉल : मोठा जॅकपॉट, लांबची शिडी

ऑस्ट्रेलियात आठवड्यातून अनेक दिवस वेगवेगळे खेळ असतात. मंगळवारी 'ऑझ लोटो', त्यात १ ते ४७ पैकी सात आकडे निवडायचे. पहिल्या बक्षिसाची शक्यता ६,२८,९१,४९९ मध्ये एक. गुरुवारी 'पॉवरबॉल'. त्यात दोन यंत्रं असतात. पहिल्यातून ३५ पैकी सात चेंडू, दुसऱ्यातून २० पैकी एक. तो एकटा चेंडू म्हणजे पॉवरबॉल. सात अधिक एक असे आठही जुळले तर पहिली डिव्हिजन. तिची शक्यता १३,४४,९०,४०० मध्ये एक. ज्वारीच्या भाषेत हा चाळीस क्विंटलांचा ढीग झाला.

पॉवरबॉलला नऊ पायऱ्या आहेत आणि त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सहावी पायरी आहे चार आकडे आणि पॉवरबॉल. सातवी पायरी आहे पाच आकडे, पण पॉवरबॉल नाही. आपल्याला वाटेल, पाच जुळले म्हणजे चारपेक्षा चांगलं. पण हिशोब केला तर चार आणि पॉवरबॉल जुळायची शक्यता ११७३ मध्ये एक आहे, आणि नुसते पाच जुळायची ८९२ मध्ये एक. जे दुर्मीळ ते वर, असा नियम आहे. किती आकडे जुळले हे पाहून पायरी ठरत नाही, तसं जुळणं किती अवघड आहे हे पाहून ठरते. सगळ्यांत खालच्या नवव्या पायरीला दोन आकडे आणि पॉवरबॉल लागतो. त्याची शक्यता सुमारे ६५ मध्ये एक.

सगळ्या नऊ पायऱ्या मिळून साधारण ४४ ओळींमागे एका ओळीला काहीतरी बक्षीस मिळतं. ते बहुतेक वेळा खालच्या पायरीचं, लहानसं असतं. पण तेवढ्यानेही माणसाला वाटतं, आपण जवळ पोहोचलो होतो, पुढच्या वेळी लागेल. माणसं परत येतात ती बरेचदा या खालच्या पायऱ्यांमुळे.

पहिली डिव्हिजन कुणालाच लागली नाही तर तिची रक्कम पुढच्या आठवड्याच्या रकमेत मिळवतात. याला जॅकपॉट वाढणं म्हणतात. शक्यता इतकी कमी असल्यामुळे आठवड्यामागून आठवडे रक्कम वाढत जाते. १ फेब्रुवारी २०२४ च्या सोडतीला पॉवरबॉलचं पहिलं बक्षीस २० कोटी डॉलरवर पोहोचलं होतं. दोन तिकिटं निघाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला १० कोटी आले.

हा वाटणीचा मुद्दा नीट लक्षात घ्या. पायरीसाठी ठरलेली रक्कम त्या पायरीवरच्या सगळ्या विजेत्यांत सारखी वाटली जाते. विजेते जास्त झाले की वाटा कमी. म्हणूनच जे लोक मुलाबाळांच्या वाढदिवसाचे आकडे लावतात, त्यांचे आकडे १ ते ३१ च्या आत अडकतात. तसे आकडे लावणारे पुष्कळ असतात. ते आकडे पडले तर वाटेकरीही पुष्कळ निघतात. आकडे जुळण्याची शक्यता मात्र वाढदिवसाने वाढतही नाही आणि घटतही नाही. गेले दहा आठवडे २७ पडला नाही, म्हणून आता पडणारच, असं सांगणारे तिथेही भेटतात, आपल्याकडे आकडा सांगणारे भेटतात तसेच. चेंडूला मागच्या आठवड्याची आठवण नसते.

महिन्याला पगारासारखं बक्षीस

आणखी एक वेगळा खेळ आहे, 'सेट फॉर लाइफ'. तो २०१५ साली सुरू झाला. रोज सोडत असते. आता त्यात ४४ पैकी सात आकडे निवडायचे असतात. पहिल्या बक्षिसात एकरकमी पैसे मिळत नाहीत, दर महिन्याला २०,००० डॉलर, असे २० वर्षं मिळतात. एकूण २४० हप्ते, म्हणजे ४८ लाख डॉलर. एकदम मोठी रक्कम आली की नातेवाईक, सल्लागार, उसनं मागणारे सगळे गोळा होतात. महिन्याच्या महिन्याला आलं तर घर नीट चालतं, ही त्यामागची कल्पना. अर्थात शक्यता इथेही ३,८३,२०,५६८ मध्ये एक इतकी कमीच आहे.

काही राज्यांत लहान खेळही आहेत. 'सुपर ६६' मध्ये सहा अंकी क्रमांक असतो आणि अंक क्रमाने जुळावे लागतात. सहाही जुळले तर पहिली पायरी. पहिले पाच किंवा शेवटचे पाच जुळले तर दुसरी, आणि असंच खाली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 'कॅश ३' नावाचा तीन अंकांचा रोजचा खेळ आहे.

चार मैत्रिणी मिळून तिकीट

ऑस्ट्रेलियात कचेरीतले, कारखान्यातले किंवा दवाखान्यातले लोक पैसे जमवून एकत्र तिकीट काढतात. त्याला 'सिंडिकेट' म्हणतात. पैसे जमवले की मोठं तिकीट घेता येतं. शनिवारच्या खेळात सहाऐवजी सात आकडे निवडले, तर त्यातून ७ ओळी होतात. आठ निवडले तर २८, नऊ निवडले तर ८४, दहा निवडले तर २१०. प्रत्येक ओळीचे पैसे भरावे लागतात. त्यामुळे शक्यता वाढते, पण खर्चही त्याच पटीने वाढतो. फुकट काहीच मिळत नाही.

अशा भागीदारीत बक्षीस लागल्यावर भांडणंही झाली आहेत आणि काही कोर्टात गेली आहेत. या आठवड्याचे पैसे हिने दिले होते की नाही? तिकीट सगळ्यांचं होतं की काढणाऱ्याचं एकट्याचं? बचत गट चालवणाऱ्या बाईला हे नवीन नाही. नावं लिहून ठेवा, पैसे दिले त्याची नोंद करा, सह्या घ्या, हे आपण पहिल्या बैठकीपासून करतो. तिथेही जाणकार हेच सांगतात.

नाव छापू नका

१९६० साली सिडनीत एक दुःखद घटना घडली. ऑपेरा हाउसच्या लॉटरीत एका कुटुंबाला १ लाख पौंडांचं बक्षीस लागलं. त्या काळी विजेत्याचं नाव-पत्ता वर्तमानपत्रात छापत. ते वाचून एका माणसाने त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला शाळेच्या वाटेवरून पळवलं आणि पैसे मागितले. मूल जिवंत परत आलं नाही. गुन्हेगाराला पुढे जन्मठेप झाली. त्यानंतर विजेत्यांना आपलं नाव गुप्त ठेवण्याची मुभा मिळाली. आजही तिथे मोठं बक्षीस लागलेली बहुतेक माणसं नाव सांगत नाहीत.

तिकिटाच्या पैशाचं काय होतं

आता मुख्य हिशोबाकडे येऊ. ऑस्ट्रेलियाच्या या लोटो खेळांत तिकिटाच्या १० डॉलरपैकी साधारण ६ डॉलर बक्षिसांत परत जातात. उरलेल्यातून सरकारचा कर, दुकानदाराचं कमिशन आणि चालवणाऱ्या कंपनीचा खर्च व नफा निघतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कंपनीच्या जागी सरकारी संस्था आणि तिची मदत.

हे आपल्या भिशीशी ताडून बघा. दहा जणींनी दर महिन्याला १०० रुपये टाकले, १००० जमले आणि चिठ्ठी काढून एकीला दिले. दहा महिन्यांत प्रत्येकीला १००० मिळाले. कुणाचं काही गेलं नाही, फक्त कुणाला आधी मिळाले, कुणाला नंतर. आता अशी भिशी समजा, की दर महिन्याला १००० जमतात, त्यातले ४०० बाहेर जातात आणि उरलेल्या ६०० पैकी बहुतेक एकाच घरात जातात. दहा महिन्यांनी दहा जणींचे मिळून ४००० गेलेले असतील. त्या ४०० मधून दवाखाना उभा राहिला तर समाधान वाटेल. पण त्याला बचत म्हणता येणार नाही.

लॉटरी म्हणजे हीच दुसरी भिशी. ऑस्ट्रेलियातली लॉटरी कायद्याने चालते, सोडत सगळ्यांसमोर होते, पायऱ्या आधीच जाहीर असतात. ती फसवणूक नाही. तरीही घेणाऱ्यांच्या सगळ्या पैशांचा हिशोब मांडला तर तो उणाच येतो. करमणूक म्हणून कुणी दोन डॉलर घालवले तर तो त्याचा प्रश्न. कर्ज फेडायला किंवा मुलीच्या शिक्षणाला लॉटरीवर भिस्त ठेवली, तर घर बुडतं.

आता त्या निरोपाकडे

मैत्रिणींनो, एवढं समजल्यावर मोबाइलवरचा तो निरोप पुन्हा वाचा. एकेक गोष्ट तपासू.

पहिली गोष्ट. बक्षीस तिकिटाच्या पैशातून तयार होतं आणि तिकिटावरच्या ओळीलाच लागतं. तुम्ही तिकीट काढलं नाही, तर कुठल्याच पायरीवर तुमची ओळ नाही. मग बक्षीस येईल कुठून?

दुसरी गोष्ट. यंत्रातून पडतात ते १ ते ४५ चे चेंडू. मोबाइल नंबरांची सोडत तिथे होत नाही. 'तुमचा नंबर निवडला गेला' हे वाक्यच खोटं.

तिसरी गोष्ट. खऱ्या लॉटरीत बक्षीस घ्यायला आधी पैसे भरावे लागत नाहीत. प्रोसेसिंग फी, कस्टम, कुरिअर, टॅक्स, काहीही नाव देऊन आधी पैसे मागितले, की समजा चोर आहे. ऑस्ट्रेलियात लॉटरीच्या बक्षिसावर आयकर लागत नाही. आपल्याकडे लॉटरीच्या मोठ्या बक्षिसावर ३० टक्के दराने कर असतो, पण तो बक्षिसातूनच कापून घेतात. अनोळखी माणसाच्या खात्यात भरायला सांगत नाहीत.

चौथी गोष्ट. परदेशी लॉटरीचं तिकीट घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायला आपल्या परकीय चलनाच्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे कुणी म्हणालं, 'आधी थोडे पाठवा, तिकडचं तिकीट घेऊन देतो', तर तेही करायचं नाही. तुमचा भाचा मेलबर्नला राहतो आणि आपल्या पगारातून तिथे तिकीट काढतो, ते तिथल्या कायद्यात बसतं. इथून पैसे पाठवणं आपल्या कायद्यात बसत नाही.

पाचवी गोष्ट. 'कुणाला सांगू नका, नाहीतर बक्षीस रद्द होईल' असं हे लोक हमखास म्हणतात. खरा विजेता आपलं नाव आपल्या मर्जीने लपवतो. चोर तुम्हाला गप्प बसवतो, कारण तुम्ही गटात बोललात की कुणीतरी शहाणी बाई थांबवेल, हे त्याला ठाऊक असतं.

अशा फोनवर आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी यातलं काहीही देऊ नका. ज्यांच्या सहीवर गटाचं खातं चालतं, त्या अध्यक्ष आणि सचिवांनी तर जास्तच जपावं. तिथे एका बाईचे पैसे नसतात, सगळ्यांच्या घामाचे असतात.

आणि पैसे गेलेच, तर वेळ घालवू नका. लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्या. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मधेच अडवण्याची शक्यता जास्त. तो निरोप, फोन नंबर, पैसे भरल्याची पावती पुसून टाकू नका, तो पुरावा आहे.

शेवटची विनंती गटाला. फसलेली बाई आधीच लाजेने अर्धी झालेली असते. घरचे रागावतील म्हणून ती बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पैसे भरत राहते. चोर म्हणतो, आणखी पाच हजार भरा, मग सगळं सुटेल. तिला 'एवढंही कळलं नाही का?' असं विचारू नका. 'किती गेले, कधी गेले, चल आत्ता फोन करू' एवढं म्हणा.

बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या भिशीत आणि लॉटरीत नेमका फरक काय? फळ्यावर आकडे मांडून बघा.

२. पाच आकडे जुळले तरी ती पायरी 'चार आकडे आणि पॉवरबॉल' या पायरीच्या खाली का असते? एकीने दुसरीला समजावून सांगा.

३. आपल्या गटात कुणाला बक्षिसाचा फोन किंवा निरोप आला होता का? त्यात काय मागितलं होतं?

४. १९३० हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि प्रत्येकीच्या घरात भिंतीवर लिहिला आहे का? नसेल तर आजच लिहा.